वाट किती तासांची?

आमच्या शाळेत पृथ्वीचा एक गोल आहे. त्याचा आस ढिला झाल्यामुळे तो असावा त्यापेक्षा थोडा अधिकच कलतो, आणि पोरांच्या बोटांनी आफ्रिकेचा पश्चिम किनारा जवळजवळ पुसून टाकला आहे. तरीही त्याच्यावाचून माझा भूगोलाचा तास पार पडत नाही. दरवर्षी अक्षांश-रेखांशांचा धडा आला की मी मुलांना एक खेळ खेळायला लावतो. आधी भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क ही दोन ठिकाणे दाखवतो आणि विचारतो, "विमान कोणत्या वाटेने जाईल?" मुले पट्टी लावतात आणि अरबस्तान, उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागर यांच्यावरून सरळ रेघ ओढून मोकळी होतात. मग मी गोल पुढे करतो. शिवणाच्या दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरा, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा, असे सांगतो. ताणता ताणता दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया करीत तो स्वीडन-नॉर्वेवर चढतो, आइसलंडच्या जवळून जातो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला शिवतो आणि कॅनडातून खाली न्यूयॉर्कला उतरतो. मुले चकित होतात. पश्चिमेला जायचे तर उत्तरेकडे तोंड कशाला करायचे? पण गोल वस्तूवरची सर्वांत जवळची वाट ही अशीच असते. कागदावर जी वाकडी दिसते तीच खरी सरळ!

या दोऱ्याची लांबी सुमारे साडेबारा हजार किलोमीटर भरते. मोठे विमान ताशी नऊशे किलोमीटरांच्या आसपास जाते. मुले लगेच भागाकार करतात आणि चौदा तास असे उत्तर देतात. मी म्हणतो, "गणित बरोबर, पण उत्तर चूक." कारण जाताना विमानाला पंधरा-सोळा तास लागतात आणि येताना त्यापेक्षा तास-दीड तास कमी. वाट तीच, मग हा फरक कशाचा? तो वाऱ्याचा. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे एक जोरकस वारा वाहत असतो. घरी परतणाऱ्याला तो पाठीमागून ढकलतो आणि घर सोडून जाणाऱ्याला समोरून अडवतो. एका मुलीने यावर म्हटले होते, "गुरुजी, वाऱ्यालासुद्धा वाटत असंल, जाऊ नये म्हणून." भूगोलाच्या पेपरात या उत्तराला गुण देता येत नाहीत, पण मला ते विसरता आलेले नाही.

एवढ्यानेही हिशेब पुरा होत नाही. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्या देशाने ते भारतीय विमानांना पुन्हा बंद केले. पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना त्यामुळे वळसा घ्यावा लागला, इंधन जास्त जळले, तास वाढले. मुंबई जागची हलली नव्हती, न्यूयॉर्कही हलले नव्हते. दोन शेजाऱ्यांचे बिनसले, आणि ज्यांचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता अशा माणसांची वाट लांबली. दोन विमानतळांमधले अंतर किती, या साध्या प्रश्नाला म्हणूनच एक आकडा पुरत नाही. पृथ्वी एक उत्तर देते, वारा दुसरे देतो, आणि माणसांची मने तिसरेच देतात.

भूगोलाचा तास इथे संपतो. मला बोलायचे आहे ते त्यापुढचे. वाट इतकी आखूड झाली, तेव्हा त्या वाटेच्या दोन टोकांना असलेल्या माणसांच्या कर्तव्याचे काय झाले?

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस! अठरा वर्षांची एक मुलगी, शाकाहारी, नऊवारी नेसणारी, दोन महिने समुद्रावर! त्यांचे पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. बायकोची पत्रे किती आठवड्यांनी पोहोचणार, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? समुद्र ओलांडल्याबद्दल लोकांनी आनंदीबाईंना दोष दिला, पुष्कळ दिला. पण त्या काळात इकडे घरात कोणी आजारी पडले असते आणि त्या धावून आल्या नसत्या, तर त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नसते. दोन महिन्यांच्या वाटेवर असलेल्या माणसाला हाक पोहोचत नाही, हे सर्वांना कळत होते. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या डॉक्टर होऊन परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. पुढे त्यांची रक्षा अमेरिकेला, ज्यांनी त्यांना लेकीसारखे सांभाळले त्या कार्पेंटरबाईंकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी त्या कुटुंबाच्या जागेत विसावली. अखेरच्या घटकेला त्या बाईंना येता आले नव्हते. त्यांनीही आपल्या परीने अंतर असे ओलांडले.

नंतर काळ झपाट्याने पुढे सरकला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे विमान कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत मुंबईहून लंडनला निघाले. १९६० साली बोइंग विमाने लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. मग मध्ये कोठेही न उतरता सरळ जाणारी विमाने आली. अठ्ठावन्न दिवसांचे पंधरा तास झाले. प्रगती म्हणतात ती हीच, आणि तिच्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांतला मी नव्हे. परंतु वाट आखूड झाली तशी आपली सबबही आखूड झाली. पूर्वी 'येता येत नाही' असे जे होते, ते आता 'आला नाही' असे झाले. या दोन वाक्यांत व्याकरणाच्या दृष्टीने थोडाच फरक आहे. नीतीच्या दृष्टीने पाहिले तर एक वाक्य दैवाला दोष देते आणि दुसरे माणसाला.

हा विचार पुस्तकात वाचून आला असता तर मी तो तिथेच ठेवला असता. तो आला तो आमच्या गल्लीतल्या लिंबाखाली.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या गल्लीतली आत्या गेली. ती नेमकी कोणाची आत्या हे आता कोणालाच सांगता यायचे नाही. सारा गाव तिला आत्याच म्हणत असे. दुसऱ्यांच्या शेतात खुरपून तिने एकुलत्या एका मुलाला शिकवले. तो इंजिनिअर झाला आणि अकरा वर्षांपूर्वी अमेरिकेत न्यू जर्सीला गेला. दररोज संध्याकाळी आत्या पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून त्याच्यासमोर बसायची. तो तिथून आईला पाहायचा, घर पाहायचा. एकदा त्याने तिथूनच पाहिले की स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकतो आहे. त्याने गावातल्या वायरमनला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी दिवा नीट झाला. मी त्याच गल्लीत, चार घरे पलीकडे राहतो. तो दिवा लुकलुकत होता हे मला तो नीट झाल्यावर कळले.

मंगळवारी पहाटे सहाच्या सुमाराला आत्याने प्राण सोडला. मुलाला फोन गेला तेव्हा तिकडे सोमवारची संध्याकाळ होती, साडेसात वाजले होते. "मी येतोय, थांबा," एवढेच तो म्हणाला. शीतपेटी आणवली. पुरुष मंडळी लिंबाखाली बसली. थोड्या वेळाने एका म्हाताऱ्याने मला विचारले,

"गुरुजी, इमान किती तासाचं हाय?"

"पंधरा तासांचं," मी म्हणालो.

"मग उद्या सकाळपस्तोर यील की."

मास्तर म्हणून माझ्या शब्दाला थोडे वजन आहे. तो आकडा साऱ्या गावात पसरला. बुधवारची सकाळ उजाडली, मुलगा आला नाही. दुपार झाली, नाही. लिंबाखाली हळूहळू दुसरी भाषा सुरू झाली. "पंधरा तासाची वाट अन् दोन दीस?" "कामावरनं सोडलं नसंल." "त्येला कशाचं काम? मन पायजे." मी गप्प बसलो होतो. पण खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच चालले होते. मी तर कादंबऱ्या लिहिणारा माणूस. आईला विसरलेल्या मुलाचे एक प्रकरणच माझ्या डोक्यात आकार घेऊ लागले होते.

तो बुधवारी मध्यरात्री आला. गुरुवारी सकाळी त्याने आईला अग्नी दिला. राख सावडून झाल्यावर तो माझ्या ओसरीवर येऊन बसला, तेव्हा मी सहज विचारावे तसे विचारले आणि त्याने हिशेब सांगितला. फोन आल्यापासून विमान सुटेपर्यंत साडेसोळा तास. त्यात तिकीट मिळवणे आले, लहान मुलांची व्यवस्था आली, आणि जे विमान होते तेच दुसऱ्या दिवशी दुपारी होते. विमानात साडेचौदा तास. मुंबईला उतरून बाहेर पडेपर्यंत दोन तास. मुंबई ते येडशी चारशे किलोमीटरांच्या आसपास, त्याला गाडीने नऊ तास. एकूण बेचाळीस तास. त्यातले आकाशातले तास जेमतेम एक तृतीयांश! बाकीचे सगळे जमिनीवरचे. आणि जमिनीवरच्या त्या तासांत तो एक क्षणही बसून राहिला नव्हता.

मी गावाला जो आकडा दिला होता तो खोटा नव्हता. विमानतळापासून विमानतळापर्यंतचा तो आकडा बरोबरच होता. पण माणूस विमानतळावर जन्मत नाही आणि त्याची आई विमानतळावर मरत नाही. अंतराचा हिशेब दारापासून दारापर्यंत करायचा असतो. आम्ही तो मधल्या तुकड्याचा केला आणि त्या तुकड्याच्या पट्टीने एका मुलाचे मन मोजायला बसलो.

मी खजील झालो होतोच. तेवढ्यात तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही चार घरं पलीकडं होता, म्हणून मी तिकडं निर्धास्त असायचो."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो मनापासून आभार मानत होता. आणि मला मात्र जमीन दुभंगावी असे वाटले. का ते आता सांगितले पाहिजे.

आत्या शेवटचे पाच दिवस अंथरुणावर होती. त्या पाच दिवसांत मी एकदाही तिच्या घरी गेलो नाही. शाळेच्या परीक्षा नव्हत्या, माझी प्रकृती उत्तम होती, गल्लीत चिखलही नव्हता. मी गेलो नाही, कारण तिच्या उशाशी माझी थोरली बहीण बसली होती.

ताई धाराशिवला असते. येडशीहून धाराशिव सुमारे वीस किलोमीटर. एके काळी कुर्डुवाडीहून लातूरला जाणारी बार्शी लाइनची छोटी गाडी धाराशिवला जातच नव्हती. धाराशिवच्या लोकांना आगगाडीत बसायला येडशीला यावे लागे. २००७-०८ मध्ये मोठा रूळ झाला तेव्हा कुठे तो धाराशिवला पोहोचला. ताईच्या लग्नानंतर माझी आई म्हणायची, भाकर बांधून घ्यावी लागली नाही म्हणजे लेक जवळ दिली. एवढे जवळ!

वडिलांच्या मागे साडेतीन एकर कोरडवाहू जमीन राहिली. ती माझ्या एकट्याच्या नावावर करायची म्हणून मी हक्कसोडपत्राचे कागद तयार करून ताईकडे नेले. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला, हे मी गावातल्या चार लोकांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले होते. स्वतःच्या बहिणीपुढे मात्र मी सहीची जागा फुल्या मारूनच कागद ठेवले. ताईने ते वाचले आणि म्हणाली, "मागितली असतीस तर दिली असती. तू आधी फुल्या मारून आणल्यास." तिने सही केली नाही. मी चहा न घेता निघालो. त्याला आता तीन वर्षे झाली. तीन भाऊबिजा गेल्या. वीस किलोमीटरांची वाट मला तीन वर्षे पुरली.

आत्या आजारी पडल्याचे कळताच ताई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आली. आईच्या आजारपणात आत्यानेच तिला भाकरी थापायला शिकवले होते, ते तिने लक्षात ठेवले होते. पाच दिवस, पाच रात्री ती तिथे होती. आत्याचा शेवटचा घोट तिच्या हातचा. आणि मी चार घरे पलीकडे, येता-जाता दारातून ताईची चप्पल दिसली की मान खाली घालून पुढे सरकत होतो. अंत्ययात्रेच्या दिवशीसुद्धा ती लिंबाच्या एका बाजूला बायकांत उभी होती, मी दुसऱ्या बाजूला पुरुषांत. आमच्यामध्ये दहा-बारा पावले असतील. ना तिने माझ्याकडे पाहिले, ना मी तिच्याकडे. ज्या सकाळी मी न्यू जर्सीहून येणाऱ्याचे तास मोजत होतो, त्या सकाळी माझी स्वतःची वाट इतकी होती.

दोन देशांनी आकाश बंद केले म्हणजे आपण त्यांना नावे ठेवतो. मी तर एका म्हाताऱ्या बाईच्या घराकडे जाणारी गल्ली बंद केली होती. भांडण ताईशी, आणि वाट लांबली आत्याची.

त्यानंतरच्या रविवारी मी रामलिंगला गेलो. येडशीचे नाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते बहुधा या देवस्थानामुळे. डोंगरांच्या घळीत महादेवाचे देऊळ आहे. भोवती अभयारण्याची झाडी, पावसाळ्यात कोसळणारा धबधबा आणि वर्षभर अंगाखांद्यावर येऊ पाहणारी माकडे. श्रावणी सोमवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. इतर दिवशी शांतता असते. इथे जटायूची समाधी दाखवतात. रावण सीतेला घेऊन विमानातून चालला असता जटायूने त्याला याच ठिकाणी अडवले, अशी आमच्याकडची श्रद्धा. इगतपुरीजवळच्या टाकेदलाही हीच कथा सांगतात. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. ज्या गावाला अशा पक्ष्याचा शेजार हवासा वाटला, ते गाव भलेच म्हणायचे.

त्या समाधीपाशी बसून मी रामायण वेगळ्या दृष्टीने आठवू लागलो. दशरथ वारला तेव्हा त्याचे चार मुलगे होते आणि एकही जवळ नव्हता! राम-लक्ष्मण वनात, भरत-शत्रुघ्न आजोळी. भरत येईपर्यंत राजाचा देह तेलाच्या कढईत ठेवला, असे वाल्मीकी सांगतो. दूत धावले, आणि भरताला वाटेत सात रात्री लागल्या. शीतपेटी, फोन आणि विमान यांच्या ठिकाणी तेलाची कढई, दूत आणि रथ घाला. आमच्या गल्लीतली गोष्ट काही नवी नव्हती. रामाला तर बापाच्या मरणाची बातमी कळली ती चित्रकूटावर भरत भेटायला आला तेव्हा. त्याने मंदाकिनीच्या पाण्याने तर्पण केले आणि रानातल्या इंगुदीच्या गराचा पिंड दिला. तो शेवटच्या क्षणी जवळ नव्हता म्हणून त्याला कोणी दोष देत नाही. जे हातात नव्हते त्याचा हिशेब त्याच्याकडून कोणी मागत नाही.

पण पुढे काय होते पाहा. जटायू मरतो तेव्हा राम स्वतः लाकडे रचून त्याला अग्नी देतो. पित्याला द्यावा तसा देतो. बापाच्या चितेशी त्याला उभे राहता आले नाही, तेव्हा जो जवळ पडला होता त्याचे त्याने केले. आणि जटायूने तरी काय केले होते? तो म्हातारा होता. विमानातल्या रावणाला आपण पुरे पडणार नाही, हे त्याला दिसत होते. सीता त्याची कोणी नव्हती, मित्राची सून एवढेच नाते. तरी तो उडाला, कारण हाक त्याच्या टप्प्यात होती. कर्तव्याचे याहून सोपे लक्षण मला सापडलेले नाही. जिथे तुझे पंख पोहोचतात तिथली हाक तुझी. यश येईल की नाही हा प्रश्न पुढचा.

जटायूला एक थोरला भाऊ होता, संपाती. त्याचे पंख सूर्याच्या तापाने जळून गेले होते. तो समुद्रकाठच्या डोंगरावर पडून असे, पण त्याची दृष्टी अशी की शंभर योजनांवरच्या लंकेत बसलेली सीता त्याला तिथून दिसत होती. पाहता येत होते, जाता येत नव्हते. पिठाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलमधून न्यू जर्सीला दिसणारा लुकलुकता दिवा मला आठवला. परदेशातला प्रत्येक मुलगा आज संपाती आहे. त्याला सगळे दिसते. आईचा सुजलेला पाय दिसतो, भिंतीची ओल दिसते. पंख मात्र रजेने, तिकिटाने, व्हिसाने, मुलांच्या शाळेने जळलेले असतात. धाकट्या भावाच्या मरणाची बातमी संपातीला वानरांच्या तोंडून कळली. त्याला भावाला पाणी द्यायचे होते आणि समुद्रापर्यंत जाता येत नव्हते. तेव्हा त्या वानरांनी, ज्यांचे त्याच्याशी काही नाते नव्हते, त्याला उचलून पाण्याशी नेले.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तिच्यातले हे वानर मला त्या रविवारी पहिल्यांदा दिसले.

आणि मग माझ्या ध्यानात आले की, विमानाने आखूड केलेल्या वाटेबद्दलचा माझा विचार अर्धाच होता. दूरच्याची सबब कमी झाली हे खरे. पण त्याबरोबर जवळच्याचीही एक जबाबदारी आम्ही गुपचूप उतरवून ठेवली. मुलगा दोन महिन्यांच्या वाटेवर होता तेव्हा गल्लीला माहीत होते की ही म्हातारी आता आपली. तो पंधरा तासांवर आला, आणि गल्ली म्हणू लागली, 'त्याला कळवा, तो येईल.' आम्ही विमानावर विसंबलो. दूरचा माणूस जवळच्यावर विसंबून निर्धास्त, जवळचा माणूस विमानावर विसंबून निर्धास्त, आणि दोघांच्या निर्धास्तपणात एक म्हातारी एकटी.

याचा अर्थ परदेशी गेलेल्यांना काहीच दोष देऊ नये असा नव्हे. पंख शाबूत असून न उडणारेही असतात, आणि पैसे पाठवले की फिटले असे समजणारेही असतात. त्यांनी आपापल्या मनाला विचारावे. ते विचारण्याचा अधिकार मला नाही, कारण माझे स्वतःचे उत्तर द्यायचे राहिले आहे. दुसऱ्याचे अंतर मोजताना त्याचे जमिनीवरचे सगळे तास धरावेत आणि आपले मोजताना फक्त पावले धरावीत, एवढे मी शिकलो. बेचाळीस तास न थांबता आलेल्या मुलाला मी उशिरा आलेला म्हणालो. चार घरांवरून न आलेल्या मला कोणी काहीच म्हणाले नाही, कारण माझे अंतर मोजण्याइतके मोठे नव्हते.

यंदा अक्षांश-रेखांशांचा धडा आला तेव्हा मुलांनी पुन्हा दोरा ताणला. एका मुलाने विचारले, "गुरुजी, येडशी ते धाराशिव दोरा लावून बघू का?" मी म्हणालो, "लाव." त्याने खूप प्रयत्न केला. गोलावर ही दोन्ही गावे एकाच टिंबात येतात. दोऱ्याची जाडीसुद्धा त्या अंतराहून मोठी. वर्ग हसला. मीही हसलो.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात फराळाचे डबे भरलेले असतील, दारात आकाशकंदील असेल. ज्यांची माणसे लांब आहेत ते मोबाइलसमोर बसून एकमेकांना लाडू दाखवतील. दाखवू देत. संपातीच्या दृष्टीलाही मोल आहे. तिच्यामुळेच सीतेचा ठाव लागला. ज्यांची माणसे जवळ आहेत त्यांना मात्र एक सांगावेसे वाटते. तुमच्या गल्लीत चार घरे पलीकडे कोणाची तरी आई असेल, आणि तिचा मुलगा तुमच्या भरवशावर निर्धास्त असेल. तुम्हाला ते ठाऊकही नसेल.

माझ्यापुरते सांगायचे तर ते हक्कसोडपत्राचे कागद मी चुलीत घातले. येडशीहून धाराशिवला एस.टी.ला अर्धा-पाऊण तास लागतो. भाऊबिजेला गाड्यांना गर्दी असते, उभे राहून जावे लागेल. ताईला मी कळवलेले नाही. कळवण्यासाठी शब्द शोधत बसलो तर आणखी एक वर्ष जाईल, एवढे मी स्वतःला ओळखतो. सकाळची गाडी धरायची, तिच्या दारात जाऊन उभे राहायचे. तिने पाट मांडला तर बसायचे. नाही मांडला, तर मागच्या खेपेला राहिलेला चहा मागून घ्यायचा.